हातचा गेला त्याची हकीकत

तीर्थरूप अभिमन मामांच्या पायांवर सुरतेहून भाचा सुकदेवचं डोकं. इकडे मी, माझा कापडाचा लूम आणि खोलीवरचे बठ्ठे जण खुशाल. तिकडे भडगावला गिरणेला पाणी किती, मामींची कंबर कशी आणि शिंदखेड्याचे चिंधाआबा लग्नाचं काही बोलले का, ते कळवावे. (शेवटचं आधी कळवलं तरी चालेल.)

आमची प्रमिला सातवी पास, अंगठेबहाद्दर जावई नको, असं आबा तुमच्याच ओट्यावर म्हणाल्याचं तुम्ही कळवलं (मी त्यांना अजून पाहिलेलंही नव्हतं), म्हणून मी दर रविवारी सकाळी रुपचंद गुरुजींच्या वर्गाला बसतो. गुरुजी बोदवडचे, पण शिकवत नाहीत. शिकणाऱ्यानंच शिकायचं, म्हणतात. (शाळेत हे कोणी सांगितलं असतं तर मी पळालो नसतो.) आपल्या माणसाला "समजनं का?" विचारलं की तो मान हलवतो, समोर गणित असो की फौजदार. म्हणून गुरुजींनी तोंडं बंद करून रुमाल चालू केले. समजलं तर रुमाल खांद्यावर, नाही समजलं तर डोक्यावर. मग खांदेवाल्यानं आपण होऊन डोकेवाल्याजवळ बसायचं, पाठीवर हात ठेवायचा आणि कुठं अडलं ते हळूच विचारायचं. पद्धत फार चांगली. फक्त आपल्या मुलखात माणसं डोक्यावर रुमाल घेऊन मयताच्या दारात बसतात, हे शिकण्याच्या नादात कोणाच्या ध्यानात आलं नाही.

गेल्या रविवारी बेरजेतला हातचा निघाला आणि सगळे रुमाल डोक्यावर गेले. माना खाली, वर्ग चिडीचूप. तेवढ्यात दारात एक म्हातारबाबा आले. त्यांनी आत पाहिलं, वहाणा काढल्या, आपलाही रुमाल डोक्यावर घेतला आणि उंबऱ्याशी बसले. मला वाटलं, नवा विद्यार्थी, आल्याआल्याच अडला. खांद्यावर रुमाल माझ्या एकट्याच्या. गेलो, पाठीवर हात ठेवला.

"कसं व्हयनं भो?" ते म्हणाले.

"हातचा गया, बाबा."

"अरे देवा! एकलाच व्हता का?"

एकच होता, म्हटलं. एककाच्या घरून निघाला, शेजारच्या घरी पोचलाच नाही, वाटेतच सगळे त्याला विसरले. बाबांनी हंबरडा फोडला. (गणितासाठी एवढं रडणारा माणूस मी पाहिला नव्हता.) इतक्यात फळ्यापाशी आमच्या खोलीवरचा पुना ओरडला, "सापडना! सापडना!" हातचा सापडला म्हणून सगळ्यांनी रुमाल खांद्यावर टाकले, टाळ्या पिटल्या आणि चहा मागवला. बाबांनी डोळे पुसले, आमच्याकडे पाहिलं, वहाणा घातल्या आणि दारातून वळून विचारलं, "शिंदखेडानी सोयरीक व्हई ऱ्हायनी, तो सुकदेव यासमा कोनता शे?" सगळ्या वर्गानं माझ्याकडे बोट केलं. चिंधाआबा चहा न घेता स्टेशनावर गेले.

तरी मामा, तुम्ही मध्यस्थ आहात. सुरतेत कोणी मेलं नाही आणि मी मयतात टाळ्या पिटणारा नाही, एवढं त्यांना पटवा.

ता. क. खांद्यावर रुमाल होता तर पोरगा नीट का समजावू शकला नाही, असं आबा विचारतील. रुमाल लूमच्या तेलानं माखलेला होता, डोक्यावर घेववेना. हातचा मलाही समजला नव्हता. हे सांगू नका.

आणखी एक ता. क. आबा ऐकेनात तर हे पत्र परस्पर प्रमिलेला वाचायला द्या. ती तोंडानं काही बोलायची नाही, म्हणून तिला वर्गाचीच पद्धत लावा. पदर खांद्यावरच राहिला तर तिला सगळं समजलं, आणि माझं संपलं. पण वाचता वाचता लाजून पदर डोक्यावर गेला, तर मामा, हिला समजलं नाही असं धरून शेजारी बसून समजावत राहू नका. सरळ तारीख काढा.