नो प्रॉब्लेम, सर

मंगळवार, मानवत

कापसाच्या जिनिंगमधल्या बिहारी कामगारांना इंग्रजी मी शिकवते, पण वाक्यं मॅनेजर ठरवतात. ‘हात दुखतोय’ शिकवू दिलं नाही. म्हणाले, “रडायचं असलं तर आपल्या भाषेत रडतेत की, मॅडम.”

आज परदेशी खरेदीदार आला. माझ्या वर्गातल्या रामप्रवेशची बोटं काल मशीनमध्ये सापडलेली, दवाखान्याऐवजी नुसती चिंधी बांधलेली. त्या परदेशी साहेबानं इंग्रजीत त्यालाच विचारलं, काही अडचण? रामप्रवेशनं माझ्याकडं पाहिलं. “नो प्रॉब्लेम, सर.” चिंधी ओली होती. आणि मी मान डोलावली, लहानपणी घरी शिकवताना माझं उत्तर बरोबर आलं की बाबा डोलवायचे तशी. सवय? की नोकरीची भीती?

नंतर त्यानं हळूच विचारलं, “मैडम, ठीक बोले न?”

“एकदम बरोबर,” मी म्हणाले. तो खुशीत पुन्हा मशीनवर गेला.