ईशानीचं झाड

५ जानेवारी २०२५, अल कुसैस, दुबई

आला फोटो! सेशेल्सच्या प्रालँ बेटावरून, जंगल राखणाऱ्या मारीकडून. दर्याच्या नारळाचं झाड — आमच्या ईशानीचं. संग्रामची पहिली नोकरी तिथली. तिथेच ईशानी झाली आणि अकराव्या दिवशी गेली. बारशाच्याही आधी! नाव नंतर ठेवलं, तिच्या नावाने नारळ रुजवताना.

ही झाडं तिथल्या दोनच बेटांवर आपसूक उगवतात. जगात आणखी कुठेही नाहीत. एकेका पानाखाली चार माणसं उभी राहतील. वारा सुटला की पानं पत्र्यासारखी वाजतात. पंचवीस वर्षं झाली, माझा जीव अजून ते झाड उभं आहे त्या दरीतच अडकलाय.

१२ जानेवारी

संग्रामला म्हटलं, विमानाने साडेचार तास. यंदा जाऊ या ना!

"हमरिया बंदरात कंटेनर अडकलेत गं. पुढच्या वर्षी, इन्शाल्ला."

दर वर्षी हेच! फेब्रुवारीतल्या कामाच्या दौऱ्याला मात्र याला दर वर्षी वेळ मिळतो. सिद्धांत हेडफोन न काढता म्हणाला, "आई, इट्स जस्ट अ ट्री." धाकट्याला काय कळणार! त्याने ताईला पाहिलंय कुठे?

एकटी गेले असते. पण तिथे पोचल्यावर मला धरणार कोण?

१४ जानेवारी

संक्रांत. खण कुरियर केला. तांदूळ त्यांच्या कस्टममध्ये काढून घेतात, म्हणून नुसता खण आणि कुंकवाची पुडी. मारीच्या हातून झाडाची ओटी. लेक आहे ना आमची!

३ मार्च

मारीचा मेसेज. फुलोरा आला! आणि — झाड नर! हाताएवढा लांब तपकिरी तुरा. यांच्यात नर-मादी वेगळी, पण पहिला फुलोरा येईपर्यंत कुणाला पत्ताच लागत नाही. म्हणजे इतकी वर्षं मी एका बाप्याची ओटी भरत होते! पोट धरून हसले. मग ओट्याला टेकून रडले. याला नारळ कधीच धरणार नाही. आणि मी खुळी, नातवंडांची वाट बघत होते.

संग्रामला सांगितलं, तर ताटावरून उठूनच गेला. दगड आहे हा माणूस, दगड.

४ मार्च

राहवेना. मारीला फोन केला, पहिल्यांदाच. म्हणाली, खण तर तुमचे साहेबच बांधतात. दर फेब्रुवारीला येतात, दिवसभर झाडाशी बोलत बसतात. यंदा का नाही आले? तब्येत बरी आहे ना?

म्हटलं, यंदा दोघं येतोय.