कोठीतली पांढरी बुरशी

अब्बा, घरात आपण हिंदी बोलायचो, पण वडशाच्या धान्याच्या गोदामात तुम्ही रागवायचात ते मराठीत, म्हणून हे मराठीत लिहिते आहे. लहानपणी मी ओल्या पोत्यात हात घातला होता. तुम्ही मला ओढत नळावर नेलं, साबणाने हात घासून दिला आणि म्हणालात, "बुरशी लागली का माल गेला. तिले हात नाई लावायचा." आता मला पगार मिळतो तो बुरशीचाच. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही ती वाढवतो. तिची भुकटी धानात मिसळली की दाणे पोखरणाऱ्या सोंडे किड्यांच्या अंगाला चिकटते, आत शिरते आणि त्यांना मारते. दाण्याला काही होत नाही, असं मी गावोगाव सांगत फिरते.

तुमच्यासोबत आयुष्यभर पोती उचलणारे भाऊ हमाल आता सावली गावात राहतात. पेरणीचं सगळं धान त्यांनी माझ्या भरवशावर सोडलं होतं आणि मी त्यात भुकटी मिसळली होती. काल आम्ही त्यांची कोठी उघडली. झाकण काढते तर वरच पांढरे, कापसासारखे ठिपके. चटका बसावा तसा माझा हात मागे आला. भाऊंचा चेहरा पार उतरला. "बियाणंच बुडवलं का तू?" मी मूठभर धान सुपात घेतलं. पांढरे होते ते फक्त मेलेले सोंडे. धान स्वच्छ होतं. भाऊंनी एक दाणा नखाने सोलून पाहिला, दुसरा पाहिला आणि उंबऱ्यावर बसले.

"हे तवा असतं त तुझा बाप वाचला असता."

मला काही कळेना. तुमचं हृदय बंद पडलं, असंच घरात सांगितलं होतं. भाऊ सांगत राहिले. सोंडे मारायला विषारी गॅसच्या गोळ्या ठेवलेलं गोदाम उघडताना तुम्ही हमालांना दारात थांबवायचात आणि आधी एकटेच आत जायचात. त्या दिवशी गेलात ते परत आलाच नाहीत, भाऊंनीच तुम्हाला ओढून बाहेर काढलं. इतक्या लोकांना ठाऊक होतं, अब्बा, आणि मला कुणी सांगितलं नाही. तुमच्यावर रागावू की कुणावर, तेही सुचत नव्हतं.

भाऊंना वाटत होतं, मला सगळं माहीत आहे. "म्हणूनच त हे काम धरलं ना तू? म्हणून मी बियाणं देलं तुले."

जागा रिकामी होती म्हणून मी अर्ज केला होता, हे तुम्हाला तरी सांगते. त्यांना मी हो म्हटलं.