व्हाळापलीकडची बॅग

११ जाने. ८७, रविवार

यादी तिसऱ्यांदा लिहिली. आधीच्या दोन फाडल्या नाहीत, शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. सुलभा म्हणाली, "पेपर तपासताय की बॅग भरताय?" हसली नाही.

शुक्रवारी सकाळी बेळगावला बायच्या ओठाची शस्त्रक्रिया. लेक पाच महिन्यांची झाली. ओठ जन्मापासून दुभंगलेला, टाळूलाही थोडी फट. गुरुवारी संध्याकाळी दाखल व्हायचं. ते सर्जन तिथे दोन महिन्यांतून एकदाच येतात. नोव्हेंबरात गेलो तर सर्दी आहे म्हणून परत पाठवलं. भूल देता येत नाही.

सर्दी कशानं झाली ते मला ठाऊक आहे. कोरडे लंगोट बसच्या टपावर, ट्रंकेच्या तळाशी. आंबोलीचा सगळा घाट बाय ओली. ट्रंक मी भरली होती.

म्हणून या खेपेस दोन वाटे. टपावरची ट्रंक: आमचे कपडे, गोधड्या, लंगोट वाळत घालायची दोरी. मांडीवरची बॅग: जे मागितल्याबरोबर हाताला लागलं पाहिजे ते. लंगोट बारा. मेणकापड. ओल्यांसाठी निराळी पिशवी. झबली चार, दुपटी तीन, कानटोप्या दोन (एक हरवणार हे धरून). दवाखान्याचे कागद. सगळ्यात वर, यादीत तांबड्या शाईनं: बोंडलं. बाय त्याच्या चोचीशिवाय कशानंच दूध घेत नाही. कुलेरीनं (चमच्यानं) पाजलं की नाकातून येतं. ते चांदीचं बोंडलं माझंच, लहानपणचं.

१२ जाने., सोमवार

सकाळी आईनं पंचांग काढलं. बुधवारी संक्रांत, गुरुवारी करिदिन. दोन्ही दिवशी घरातून निघत नाहीत. म्हटलं, डॉक्टरांची तारीख पंचांग बघून पडत नाही. उद्याच निघावं तर बेळगावात दोन रात्री राहायचं कुठे, तेही या थंडीत? आधी निघा असं शाळेतही सगळे सांगतात. गोव्यात राजभाषेचं आंदोलन पेटलंय, रस्ते कधी अडतील नेम नाही. पण गुरुवारचंच ठरलं आहे.

आईनं वाद घातला नाही. "मगे आज प्रस्थान ठेव. सामान आज घराभायर पडलं की प्रवास आजच सुरू झाला. तुम्ही मागनं करिदिनाला जा नाहीतर केव्हाही." अट एकच. बाहेर पडलेली वस्तू निघेपर्यंत घरात परत आणायची नाही.

मी बी.ए., बी.एड. ग्रहणात जेवलं तर काही होत नाही असं वर्गात सांगणारा. तरी हो म्हटलं. आईच्या समाधानासाठी, असं स्वतःला सांगितलं. ते पुरतं खरं नाही. नोव्हेंबरपासून कशालाच नाही म्हणायचा धीर उरलेला नाही.

चार वाजता मांडीवरची बॅग घेऊन व्हाळावरचा लाकडी साकव ओलांडला. पलीकडे गंगावहिनींचं घर, तिथे त्यांच्या मेजावर ठेवली. आईनं दिलेली सुपारी आणि हळदकुंकू वर.

साडेसहाला बाय रडायला लागली. सुलभेनं दूध कोमट केलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बोंडलं?"

खिशातली यादी काढली. बोंडल्यापुढे बरोबरची खूण होती.

त्याच दिवशी, नंतर

बोंडलं घरी आणता येत नाही, म्हणून बायला बोंडल्याकडे नेलं. दुपट्यात गुंडाळून, सुलभेच्या हातात दुधाचं भांडं, पुढे मी कंदील घेऊन. गंगावहिनींनी दार उघडलं आणि हसू आवरेना. "मास्तर, एक दुपटं नी सुपारी धाडली आसती तरी पुरे जाताली. तुमी आख्खं बिऱ्हाड धाडलात!"

खरंच का? आल्यावर आईला विचारलं. म्हणाली, "प्रवासाला जाणाऱ्याची एक वस्तू पुरते. तू सगळी बॅग उचललीस. मला वाटलं तुला तसंच हवं असेल."

१३ जाने., मंगळवार

साकवावरून पाच फेऱ्या. पहाटेची पहिली, दिवेलागणीची शेवटची. व्हाळावर वारा झोंबतो. बायचे कान झाकतो तर नाक उघडं, नाक झाकलं की रडते.

दुपारी शाळेतून येताना साकवावरच सुलभा भेटली. बाय खांद्यावर झोपलेली. म्हटलं, "आणून टाकू या का ते बोंडलं?" तिनं बायचं दुपटं वर ओढलं. "मला विचारू नका. आणलं आणि शुक्रवारी काही झालं, तर जन्मभर मी तेच धरून बसेन. मी काही मानत नाही, पण धरून बसेन."

तीही ग्रॅज्युएट.

रात्रीपुरती दोघींनी गंगावहिनींकडेच राहावं असं सुचवून पाहिलं. सुलभा म्हणाली, त्यांच्याकडे जनेलाला काच नाही, वारा आत येतो. बरोबर आहे. मला ते दिसलं नव्हतं. माझ्या याद्यांत वस्तू असतात. खोली, वारा, माणूस नाही.

१४ जाने., बुधवार. संक्रांत

पहाटे बाय शिंकली. पुन्हा एकदा. नाकाच्या टोकाशी ओल. सुलभा पदरानं टिपत राहिली, माझ्याकडे बघितलं नाही.

अंगात स्वेटर चढवला आणि एकटाच साकवापलीकडे गेलो. गंगावहिनी अंगण झाडत होत्या. बॅग उघडली, बोंडलं स्वेटरच्या आत घातलं. त्यांनी पाहिलं. "संक्रांत गोड करा," एवढंच म्हणाल्या आणि झाडत राहिल्या.

सुलभेच्या हातात दिलं. तिनं ते क्षणभर नुसतं धरलं. मग उकळत्या पाण्यातून काढून आणलं, बायला पाजलं. बाय पोटभर प्याली, घरात, उबेत. दोन दिवसांत पहिल्यांदा.

तेवढ्यात आई तिळाचे लाडू घेऊन आली. उभी राहिली. "गंगेनं दुसरं दिलं?"

"हो."

किती पटकन आलं. शाळेत पोरं खोटं बोलताना आधी डोळे हलवतात. मी तेही केलं नसावं.

आई वाकून बघत होती. "तिच्याकडल्यालाही बुडाला पोचा आहे वाटतं," म्हणाली आणि लाडू ठेवून आत गेली. तो पोचा मी पाडला होता. दोन वर्षांचा असताना उंबऱ्यावर आपटून. हे तिनंच मला सांगितलेलं.

संध्याकाळी आई बायला मांडीवर घेऊन बसली होती तेव्हा जवळ गेलो. बोलणार होतो. तीच म्हणाली, "हिचे पाय गार आहेत. मोजे घाल."

विचार करतोय. आईचं मन मोडू नये म्हणून मी हो म्हटलं. मला हवंय असं वाटून आई गप्प. सुलभा शुक्रवारच्या धास्तीनं. तिघं मिळून एका तान्ह्या पोरीला दोन दिवस वाऱ्यातून नेत राहिलो. एकानं जरी दुसऱ्याला सरळ विचारलं असतं तर...

पण विचारलं असतं तरी मी खरं उत्तर दिलं असतं का, माहीत नाही.

१५ जाने., गुरुवार. बेळगाव

निघालो. साकवापलीकडे बॅग घेतली, बोंडलं तिच्यात परत. गंगावहिनींनी बायची अलाबला घेतली. "बॅग वाट बघून बेजार झाली गे बाये. व्हर हिका, घेवन जा एकदाची."

पेडण्याहून सावंतवाडी, तिथून बेळगावची गाडी. आईनं पाव-भाजी बांधून दिलेली, ती सावंतवाडीच्या स्टँडवर खाल्ली. रस्ता कुठे अडला नाही.

घाटात दोनदा लंगोट बदलला. दोन्ही वेळा हात घातला आणि कोरडा मिळाला, ओला पिशवीत. मेणकापडामुळे सुलभेचं लुगडं वाचलं. "हे बरं केलंत," म्हणाली. महिन्याभरातलं पहिलं बरं. बरं वाटलं. मग लाज वाटली. पोरीची तब्येत धोक्यात घालून मी पिशवीचं कौतुक घेत होतो.

बेळगावला थंडी जबर. पाचला दाखल. एका तरुण डॉक्टरबाईंनी छाती तपासली. स्वच्छ. वजन पुरेसं. नाक या घडीला कोरडं. मी तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, "गेल्या चार-पाच दिवसांतलं सकाळी सर्जन स्वतः विचारतील. आठ वाजता. भूल द्यायची असते, तेव्हा जे असेल ते सांगा."

सुलभा जमिनीकडे बघत होती.

१६ जाने., शुक्रवार

पहाटे चारनंतर दूध बंद. बाय भुकेनं रडून थकली. रात्री शिंकली नाही. मी जागा होतो, ऐकत होतो.

दोन शिंका म्हणजे सर्दी का? संक्रांतीच्या सकाळी चुलीत ओली लाकडं होती. धूर होता. ओल तर रडण्यानंही येते. हे सगळं खरं आहे. पण हे मी स्वतःला समजावतोय की त्यांना सांगायची तालीम करतोय?

सांगितलं आणि त्यांनी नाही म्हटलं, तर आणखी दोन महिने. दोन महिने सुलभा बायच्या तोंडावर पदर आडवा धरून बस स्टॉपवर उभी राहणार. बाया डोकावतात, चुकचुकतात. सांगितलं नाही आणि आत काही...

नाही. हे वाक्य लिहीत नाही.

साडेसातला नर्स आली. तपासणीच्या खोलीत एकच जण येईल म्हणाली. मला वाटलं सुलभा उठेल. तिनं बायला माझ्याकडे दिलं.

"तुम्ही जा. मी गेले तर शिंकलीच नाही म्हणेन. मला माहीत आहे मी म्हणेन."

"आणि मी?"

"तुमचं मला माहीत नाही. परवा आईंना बोंडल्याबद्दल हो म्हणालात तेव्हापासून नाही." रागानं नव्हे. थकून. मग बायची कानटोपी सारखी केली. "काय सांगितलंत ते मला बाहेर आल्यावर सांगू नका. एवढं करा."

आठला दहा मिनिटं कमी. खोलीबाहेरच्या बाकावर. बाय डाव्या हातावर, वही गुडघ्यावर. तिचं नाक कोरडं आहे. बोट लावून पाहिलं. बुधवारी नव्हतं.

दार उघडलं. नाव पुकारताहेत.