स्टोव्ह चांगला की हात?

अंबरनाथ, ता. ९-१-८९

तीर्थरूप बाबांना उमाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

ह्यांच्या कारखान्याने नवा, बिनपंपाचा स्टोव्ह काढलाय. तो खपला तरच कारखाना चालेल, म्हणतात. रॉकेल खरंच कमी लागतं का, हे पाहायला कॉलनीत दहा नवे, दहा जुने वाटायचे होते. कॉलनीच्या सभेत ह्यांचे साहेब म्हणाले, "नवे सुगरणींना देऊ."

मी बोलून गेले, "मग स्टोव्ह चांगला की हात, कसं कळणार?"

ह्यांचा चेहराच उतरला. साहेब मात्र म्हणाले, "वहिनी, तुम्हीच सांगा."

तुम्ही काकांबरोबर शेत वाटताना देवापुढे चिठ्ठ्या टाकल्या होत्यात, तशाच टाकायला लावल्या. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "हेच शास्त्र!"

मला जुनाच आला. "आता मार पंप," हे चिडवतात. मारतेय. पण नवा जिंकला, तर खरा जिंकेल.

खोकला कसा आहे? काढा घेताय ना?

तुमची
उमा