पात्यामागचा पंख

प्रिय भुंग्या,

तुला या नावानं हाक मारून किती वर्षं झाली ते मोजत बसत नाही. फोनवर तुझं खरं नाव घेते, तू 'हं, बोल ताई' म्हणतोस, आपण तब्येतीची आणि हवेची चौकशी करतो आणि दोघंही हायसं वाटून फोन ठेवतो. आज मात्र कागद पुढ्यात ओढला आणि पेनातून हेच उतरलं. रंधा मारताना तू जे गुणगुणायचास, ना धड गाणं ना धड सूर, त्यावरून आईनं ठेवलेलं नाव. राहू दे, आता खोडत नाही.

सकाळचे दहा वाजलेत. मागच्या बंद गॅलरीत बसून लिहितेय. नऊ फूट लांब, सहा फूट रुंद, हाच माझा कारखाना. या वेळेला ऊन तिरकं आत येतं आणि काल घासलेल्या लाकडाची भुकटी त्यात अजून तरंगत असते. खाली बसायचं नावच घेत नाही. तिच्याकडे बघत बसले की मला आपण कुठे आहोत, किती वर्षांचे आहोत, हेच उमजेनासं होतं. तुझे भावोजी दोनदा येऊन चहा विचारून गेले म्हणतात. मला पत्ता नाही.

बातमी अशी, की मी यंत्र घेतेय. टेबलाची करवत, पण लहान, उचलून ठेवता येईल अशी. हसू नकोस. उजवा खांदा धरलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'हातकरवत सोडा, नाहीतर वेणी घालायलाही माणूस ठेवावा लागेल.' त्यावर तुझ्या भावोजींनी त्याच दिवशी सुतळीवर वेणी घालायचा सराव सुरू केला. ती इतकी वाईट झाली की मी यंत्राचा विचार पक्का केला.

आणि कामही तसंच आलंय. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाला भिंगं ठेवायला साठ लहान खण हवेत. प्रत्येक खणाच्या चारी बाजूंना आतून खाच, म्हणजे दोनशे चाळीस खाचा. हातानं केल्या तर खांदा तरी राहील नाहीतर खण. तुला माहीत नसेल, पण इथे माझं थोडं नाव झालंय. 'ताईंकडे यंत्र नाही, सगळं हातानं करतात' असं लोक एकमेकांना सांगतात. कुणी त्याला निष्ठा म्हणतं, कुणी हट्ट. मी हसते आणि कौतुक पदरात पाडून घेते. इतकी वर्षं घेत आले.

यंत्रांच्या दुकानात तीनदा गेले. पहिल्यांदा काचेबाहेरूनच बघून परतले. आत यंत्रं ओळीनं उभी होती, पाती खाली घेतलेली, डोळे मिटून बसल्यासारखी. दुसऱ्यांदा आत गेले. दुकानदार पूर्वीचा सुतारच निघाला, कानामागची पेन्सिल अजून गेलेली नाही. विकायची घाई नाही. त्यानं आधी मलाच प्रश्न विचारले. काय कापणार? फळी जास्तीत जास्त किती रुंद? काम झालं की यंत्र कुठे ठेवणार? उचलणार कोण? सगळ्यांची उत्तरं दिली. मग म्हणाला, 'एकट्याच काम करता का?' असा साधा प्रश्न. म्हटलं, 'हो, आता एकटीच.' त्यानं त्या 'आता'कडे लक्ष दिलं नाही, किंवा दिलं आणि सोडून दिलं.

त्यानं तीन दाखवली. एक भलंथोरलं, घडीच्या चाकांच्या स्टँडवर उभं, बाळाच्या गाडीसारखं ढकलत न्यायचं. देखणं होतं, पण गॅलरीत ते आलं असतं तर मला बाहेर राहावं लागलं असतं. दुसरं अगदी हलकं, पत्र्याचं. त्याची बाजूची पट्टी, जिला लाकूड टेकवून सरकवायचं ती, बोट लावलं की हलत होती. दुकानदार म्हणाला, 'पातं कितीही चांगलं घाला, ही पट्टी डुलली की फळी डुललीच. दर वेळी दोन्ही टोकांना मोजत बसाल.' तिसरं या दोघांच्या मधलं. आठ इंचांचं पातं, पट्टी दोन्ही टोकांना एकदमच घट्ट बसणारी, मागे भुसा ओढून घ्यायला नळी. वजन एवढं, की दोघांनी धरलं तर सहज उचललं जातं.

मी त्याची मापं कागदावर उतरवून घरी आणली आणि गॅलरीच्या फरशीवर खडूनं यंत्र काढलं. आठ दिवस आम्ही त्या खडूच्या यंत्राबरोबर राहिलो. मी त्याच्यासमोर उभी राहायचे, डावा पाय किंचित पुढे, आणि नसलेली फळी नसलेल्या पात्यातून हलकेच ढकलायचे. फळीचं मागचं टोक भिंतीला लागतंय का, पुढचं दारातून बाहेर जातंय का, ते बघायचे. दुपारी डुलकी लागली तरी हात चालूच असायचे म्हणे. तुझे भावोजी कपडे वाळत घालायला आले की रेषेवरून उडी मारून जायचे. म्हणायचे, 'माझी सवत अजून घरात आली नाही, तोवरच तिच्या अंगाला पाय लावायची सोय राहिलेली नाही.' बाबा खुर्चीतून हे सगळं बघत असायचे. एकदाच म्हणाले, 'उजेड डावीकडून येऊ दे.' यंत्राबद्दल एवढंच बोलले. तुझ्या अपघातानंतर त्यांच्या तोंडी लाकडाचा विषय कधी आलाच नव्हता, तुला ठाऊक आहे.

तिसऱ्यांदा गेले ती घ्यायचं ठरवूनच. दुकानदार म्हणाला, 'एकदा चालवून बघा.' त्यानं बटण दाबलं. हे यंत्र आपल्या जुन्या यंत्रासारखं एकदम ओरडत नाही. आधी उसासा सोडतं, मग हळूहळू सूर चढवतं. तो सूर वर चढला आणि मी त्या दुकानात राहिलेच नाही बघ. आपल्या शेडचा तापलेला पत्रा, पाइनच्या फळीचा गोड, चिकट वास, खिळ्यावर टांगलेला बाबांचा काटकोन तपासायचा गुण्या, आणि यंत्राच्या आवाजाखालून तुझी गुणगुण. मी ती स्पष्ट ऐकली. इतकी स्पष्ट, की वळून बघितलं.

आवाज थांबला तेव्हा दुकानदार पात्यामागची पोलादी पट्टी दाखवत होता. आपण जिला 'पंख' म्हणायचो ती. माशाच्या पाठीवरच्या पंखासारखी उभी असते म्हणून. कापलेलं लाकूड मागे पुन्हा मिटायला बघतं, पात्याला चिमटीत धरतं आणि मग फळी उसळून अंगावर येते. पंख मध्ये उभा असला की लाकडाला मिटता येत नाही. दुकानदार म्हणाला, 'यातला पंख पात्याबरोबर खाली-वर होतो. खाचा पाडायच्या असल्या तरी काढावा लागत नाही, नुसतं वरचं झाकण काढायचं. जुन्या यंत्रांना झाकणासकट सगळं काढावं लागायचं. मग लोक परत लावायला विसरायचे.'

मी म्हटलं, 'हो. विसरायचे.' आणि तिथल्याच एका खोक्यावर बसले. त्यानं पाणी आणून दिलं. उकाड्यानं झालं असेल म्हणाला.

भुंग्या, आता सांगते. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

त्या दिवशी आपण कपाटाचे खण करत होतो. सकाळपासून खाचा मीच पाडत होते. झाकण आणि पंख मी काढले आणि तेलाच्या डब्यामागे, खिडकीत ठेवले. खाचा संपल्या. परत लावायचं म्हणून हातात पाना घेतला, तेवढ्यात आईनं घरातून मला हाक मारली, 'तुझा फोन आलाय.' फोन तुझ्या भावोजींचा होता. तेव्हा ते कुणाचे कुणी नव्हते, नुसते ओळखीचे होते. मी पाच मिनिटं म्हणून गेले आणि हसत, वायर बोटाला गुंडाळत अर्धा तास बोलत बसले. शेडमधून यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला, तोही ऐकला. तू फळी चिरायला घेतली असशील असं मनातही आलं. पंख मनात आला नाही. मग यंत्राचा सूर एकदम बदलला, आणि तुझी हाक नाही आली, काहीच नाही आलं. मी फोन तसाच लोंबकळता टाकून धावले.

डाव्या हाताची दोन बोटं. दवाखान्याच्या त्या हिरव्या बाकापाशी बाबा तुला काय बोलले ते तुला मी सांगायला नको. 'झाकण काढून शहाणपणा करतो! लाकडाला हात लावायची तुझी लायकी नाही.' हातभर बँडेज बांधलेलं, चेहरा चुन्यासारखा, आणि तू म्हणालास, 'मीच काढलं असेन.' मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. इतक्यात नर्स आली, तुला आत घेऊन गेली, आणि मी तोंड मिटलं. त्या दिवशी मिटलं ते मिटलंच. उद्या सांगू, टाके निघाले की सांगू, तू जरा सावरलास की सांगू. तू सावरलास तो सगळ्यांपासून लांब जाऊन. हत्यारं माझ्याकडे ठेवून नकाशांच्या कचेरीत चिकटलास. वर्षातून एकदा येतोस, डावा हात खिशात घालून अर्धा तास बसतोस, बाबा पावसापाण्याचं बोलतात आणि तू घड्याळ बघतोस. तुझ्या हातात जे होतं ते माझ्या हातात कधीच नव्हतं. तुझ्या जोडाला फट शोधून सापडायची नाही. आणि लाकडात राहिले मी.

मी यंत्राला हात लावला नाही तो निष्ठेमुळे नाही. भीतीमुळे. लोकांनी दिलेलं कौतुक या गोष्टीवर पांघरूण म्हणून वापरत राहिले.

एक गोष्ट मला आजही कळत नाही. त्या सकाळी तू मला खाचा पाडताना पाहिलं होतंस. चहाचा कप घेऊन दारात उभा होतास. मग 'मीच काढलं असेन' हे तुला खरंच वाटलं, की मला वाचवायला म्हणालास? तेवीस वर्षांत हे विचारायचा धीर झाला नाही, कारण दोन्ही उत्तरांत माझं तोंड काळंच आहे. आजही उत्तर मागत नाही.

दुकानातून आले ती सरळ बाबांच्या खोलीत गेले. भिंग घेऊन पेपर वाचत होते. उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, अगदी फोनच्या वायरीसकट. त्यांनी भिंग खाली ठेवलं. मला वाटलं आता ओरडतील, ओरडले असते तर बरं झालं असतं. ते आपल्याच तळहातांकडे बघत राहिले, एक्याऐंशी वर्षांच्या, सगळ्या बाजूंनी घट्टे पडलेल्या. मग विचारलं, 'मी त्याला काय बोललो, ते आठवतं तुला?' मी म्हटलं, 'आठवतं.' म्हणाले, 'मलाही.' बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग एकदम म्हणाले, 'त्याला सांगितलंस का?' मी मानेनंच नाही म्हटलं. 'मग मला कशाला सांगतेस? चल, जाऊ.' आणि खरोखरच काठी घेऊन चपला शोधायला लागले.

म्हणजे आम्ही दोघं रविवारी तुझ्याकडे येतोय. सकाळच्या गाडीनं निघू, दुपारी एकच्या सुमाराला पोचू. बाबांना जिना जमेल, मी त्यांना धरीन. मी म्हणत होते, पत्र कशाला, समोर बसूनच सांगते. तर बाबा म्हणाले, 'समोर सांगशील तर तो लगेच "जाऊ दे ताई" म्हणून मोकळा होईल. मला तो ओळखता नाही आला, तरी एवढं ओळखतो मी त्याला. आधी लिही. रागवायला त्याला चार दिवस तरी मिळू देत.' म्हणून हे लिहिलं. आज सोमवार आहे, तुला बुधवारी मिळेल. चार दिवस तुझे आहेत, भरपूर रागाव, कुणाला सांगायचं तर सांग, फाडायचं तर फाड. फोन करून 'जाऊ दे' मात्र म्हणू नकोस. रविवारी आम्ही बेल एकदाच वाजवू. दार उघडलं नाहीस तर थोडा वेळ जिन्यात बसू, बाबांचा दम खाऊन झाला की उतरू आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येऊ. मनात काही धरणार नाही. पुढच्या रविवारी पुन्हा येऊ.

तुझीच,
ताई