हिरवी चिंधी

मंगळवार, दिवेलागण

आज तिसरी कोंबडी गेली. मान पिळवटलेली, हिरवी हगवण. डॉक्टर म्हणाले, "मानमोडी हाय. आजारीला औषध न्हाय, धडधाकट हायत त्यांना लस घाला."

पण आली कुठनं? मग उकिरड्यावर कोंबडीचा तुटका पाय दिसला, हिरवी चिंधी बांधलेला. ओळखीसाठी मी लाल चिंधी बांधते, शेजारची थोरली जाऊ, आक्का, हिरवी. म्हणजे आक्कानं आजारी कोंबडी कापून खाल्ली आणि आतडी-पिसं दोघींच्या उकिरड्यावर टाकली. मागं तिची एक कोंबडी मान टाकत होती, तिचं विचारलं तर मला मात्र म्हणाली होती, "इकली की बाजारात."

लसीची बाटली शंभर कोंबड्यांची, एकदा कालवली की दोन तासांत संपवायची. माझ्या उरलेल्या सहांच्या डोळ्यांत एकेक थेंब टाकला. आक्का कुडावरनं म्हणाली, "उरली का गं? माझ्याबी बारा हायत."

"न्हाय," म्हटलं. बाटली पदराखाली होती.

मोरीत ओतली. तिच्या कोंबड्यांनी माझं काय वाकडं केलंय? काहीच न्हाय. तरी ओतली.

तो पाय हिरव्या चिंधीसकट तिच्या दाराच्या कडीला बांधून आले. विचारलं तर सांगणार हाय, आक्का, तुमची इकलेली कोंबडी बाजारातनं परत आली.